वनातील उलथापालथ आणि पक्ष्यांचे शरीर

(बेंगळुरू येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बेंगळुरूच्या नागरिकांना वळवाच्या पावसाची ओळख करून द्यावयास नको. एप्रिल उजाडला की दुपारनंतर आभाळ भरून येते, अर्धा-पाऊण तास वारा घोंगावतो, आणि कोणत्या रस्त्यावर गुलमोहर आडवा झाला, कोठे पर्जन्यवृक्ष उन्मळून पडला, याची यादी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत येते. पालिकेची माणसे करवती घेऊन येतात आणि रस्ता मोकळा होतो. पडलेल्या झाडाच्या वाळक्या फांदीत तांबटाची ढोली होती काय, शेंड्यावर घारीचे घरटे होते काय, याची नोंद सहसा होत नाही. झालीच तर ती एवढीच असते, की घरटे होते, ते गेले. पक्षी उडून गेला. उडून गेला म्हणजे वाचला, असे आपण गृहीत धरतो. त्या उडून गेलेल्या पक्ष्याच्या शरीरात पुढील काही तासांत, आठवड्यांत आणि महिन्यांत काय घडते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. आणि त्यासाठी शहर सोडून वनाकडे वळावयास हवे, कारण तेथे ही घटना अपवादाची नसून नित्याची आहे.

वन म्हणजे स्थैर्य, अशी आपली जुनी समजूत. वस्तुतः जे वन शांत दिसते, ते सतत कोठे ना कोठे मोडत असते आणि मोडल्या जागी पुन्हा भरून येत असते. वठलेला एखादा वृक्ष कोसळताना वेलींनी जखडलेले आणखी चार वृक्ष बरोबर घेऊन पडतो. कोठे दरड सुटते, कोठे नदी पात्र बदलते, तर कोठे बांबूचे बन कित्येक वर्षांनी एकाच वेळी फुलते आणि एकाच वेळी मरून जाते. वादळ आणि वणवा ही याच प्रकारातील मोठी भावंडे होत.

याचा प्रत्यक्ष हिशेब ठेवण्याचे एक मोठे काम याच शहरातील संस्थेने केले आहे. भारतीय विज्ञान संस्थेत १९८३ साली परिस्थितिविज्ञान केंद्र सुरू झाले. त्यामागे मूळचे पुण्याचे असलेले माधव गाडगीळ यांचा पुढाकार होता. या केंद्राच्या रामन सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली मुदुमलाईच्या शुष्क पानगळीच्या वनात ५० हेक्टरांचा एक तुकडा आखून घेतला, आणि छातीच्या उंचीवर एक सेंटिमीटरहून जाड असलेल्या प्रत्येक झाडाला क्रमांक दिला. अशी झाडे सुमारे २६,००० भरली. त्यानंतर वर्षानुवर्षे या झाडांची हजेरी घेण्यात आली. शाळेतल्या मुलांप्रमाणे झाडांची हजेरी घेण्याचा हा उद्योग बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. पण कोणते झाड केव्हा आणि कशाने मेले, हे सांगण्याचा दुसरा खात्रीचा मार्ग नाही. या हजेरीतून असे दिसून आले की, लहान झाडे प्रामुख्याने वणव्यात जातात, मध्यम जाडीची हत्ती मोडतात आणि सोलतात, आणि थोराड वृक्षांना या दोहोंपासून फारसा धोका पोचत नाही. हत्तींना प्रिय असलेल्या वारंगाची तर तेथे दाणादाण उडाली.

येथे 'नैसर्गिक' हा शब्द थोडा सांभाळून वापरावयास हवा. आपल्याकडे वीज बहुधा पावसाबरोबरच पडते, त्यामुळे तिने लावलेली आग फार पसरत नाही. मुदुमलाई-बंदीपूर भागातील बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. कधी चुकून, तर कधी जाणूनबुजून. तरीही वणवा या वनांना नवा नाही. नवी आहे ती त्याची वारंवारता. सुकुमार यांचा सहभाग असलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार मुदुमलाईत १९०९ ते १९२१ या काळात एका जागी पुन्हा वणवा येण्यास सरासरीने सुमारे दहा वर्षे लागत. १९८९ ते २००२ या काळात हे अंतर सव्वातीन वर्षांच्या आसपास आले. पुढे जे सांगावयाचे आहे ते सर्व या दोन आकड्यांच्या उजेडात पाहावे.

आता पक्ष्याकडे वळू. पक्ष्याचे शरीर तापट असते. त्याचे सर्वसाधारण तापमान ४० ते ४२ अंश सेल्सिअस, म्हणजे माणसाचा कडक तापच. त्याला घामाच्या ग्रंथी नाहीत. ऊन वाढले की तो चोच उघडून धापा टाकतो आणि श्वासाबरोबर पाणी बाहेर सोडून अंग निववतो. रातव्यासारखे पक्षी गळ्याची त्वचा फडफडवून हेच काम कमी श्रमात करतात. मार्ग कोणताही असो, किंमत पाण्यात मोजावी लागते. वनाच्या तळाशी, झुडपांच्या थरात राहणारे अनेक कीटकभक्षक पक्षी पाणवठ्यावर क्वचितच जातात. त्यांना लागणारे पाणी मुख्यतः त्यांच्या भक्ष्यातूनच मिळते. पर्णछताखालच्या ओलसर, मंद प्रकाशाच्या हवेत हा जमाखर्च जुळून राहतो. छत फाटले की तो बिघडू लागतो.

उष्ण कटिबंधातील पक्ष्यांची आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. समशीतोष्ण प्रदेशातील चिमुकला पक्षी एका विणीत सात-आठ अंडी घालतो, भराभर खातो, भराभर ऊर्जा जाळतो आणि बहुधा लवकर मरतो. आपल्याकडील वनांतला तेवढ्याच आकाराचा पक्षी दोन-तीन अंड्यांवर थांबतो आणि पुष्कळदा बरीच वर्षे जगतो. हा फरक शरीराच्या भट्टीतही आढळतो. विश्रांतीच्या अवस्थेत जिवंत राहण्यापुरती शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिला मूलभूत चयापचय म्हणतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत उष्ण कटिबंधातील पक्ष्यांचा हा खर्च समशीतोष्ण प्रदेशातील पक्ष्यांपेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी कमी भरला. मंद आचेवर चाललेला हा संसार काटकसरीचा खरा. पण काटकसरीच्या संसारात अचानक मोठा खर्च निघाला तर तो कोठून भागवावयाचा, हा प्रश्न असतोच. हिवाळ्याच्या लांब रात्रींसाठी चरबीची बेगमी करण्याची सवय या पक्ष्यांच्या शरीराला नाही. शिवाय ज्याची संपूर्ण आयुष्याची योजनाच 'थोडी पिले, पुष्कळ वर्षे' या हिशेबावर उभी आहे, त्याच्या आयुष्यातील काही वर्षे कमी झाली तर ती तूट भरून निघत नाही.

ऋतूची चाहूल या पक्ष्यांना कशी लागते, हेही पाहण्यासारखे आहे. बेंगळुरूत वर्षातील सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात जेमतेम दीड तासाचा फरक असतो. एवढ्याशा फरकावरून काही कळणे अशक्य, असे पूर्वी पुष्कळांस वाटे. पनामातील ठिपकेदार मुंगीपक्ष्यावर मिखाएला हाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांनी हा समज मोडला. दिवस केवळ १७ मिनिटांनी लांबविला, तरी या पक्ष्यांची जननेंद्रिये वाढीस लागली आणि ते अधिक गाऊ लागले. पुढे असेही दिसले की, जिवंत रातकिडे समोर आले की त्यांचे गाणे वाढते. म्हणजे विणीचा मुहूर्त प्रकाश काढून देतो आणि तो पक्का करण्याचे काम अन्न करते. मुहूर्त टळत नाही, पण सामग्री जळून गेली आहे, अशी अवस्था वणव्यानंतर येते ती यामुळेच.

संकटाच्या क्षणी पक्ष्याच्या अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिकोस्टेरोन हे संप्रेरक रक्तात उतरते. त्याला सरसकट वाईट ठरविणे चुकीचे होईल. ते साठवलेली ऊर्जा मोकळी करते, पक्ष्याला अन्नाच्या शोधास लावते आणि वीण, गाणे, पिसे गाळणे अशी लांबणीवर टाकता येण्याजोगी कामे बाजूस सारते. वादळ सरले, अन्न मिळाले, की त्याची पातळी खाली येते. त्रास होतो तो ते खाली न आल्यास. आठवडेच्या आठवडे पातळी चढलेली राहिली तर शरीर स्नायूंतील प्रथिने मोडून ऊर्जा काढू लागते, रोगप्रतिकाराची शक्ती मंदावते आणि वीण होतच नाही. हे मोजणे नाजूक काम असते. पक्षी हातात आल्यापासून सुमारे तीन मिनिटांत रक्ताचा थेंब घ्यावा लागतो. त्यानंतर घेतलेला थेंब वनातील संकटाची नव्हे, तर पकडणाऱ्याच्या हातांची कथा सांगू लागतो. म्हणून काही संशोधक त्याच थेंबाची काचपट्टी करून दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे प्रमाण मोजतात. दीर्घ ताणात हेटेरोफिल पेशी वाढतात आणि लिंफोसाइट घटतात. हा बदल सावकाश होत असल्यामुळे घड्याळाशी शर्यत लावावी लागत नाही.

एक झाड पडून पर्णछतात झरोका पडतो, तेव्हा या सर्व यंत्रणेला फारसे आव्हान नसते. उजेडाने तळाशी कोवळी पालवी फुटते, तिच्यामागे फुले आणि कीटक येतात, आणि शिंजीर-बुलबुलांची तेथे चंगळ होते. अंधाराला सरावलेले कीटकभक्षक पक्षी काही पावले मागे सरतात. त्यांना सरकण्यास जागा असते. पनामाच्या बारो कोलोरादो बेटावर जाळी लावून १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झरोक्यातील पक्षी आणि सलग वनातील पक्षी यांचा मेळ निराळा असल्याचे दाखविले गेले. लहान उलथापालथीने वनात विविधता येते, हे मत यामुळे बळावले, आणि ते योग्यच आहे. त्यावरून कोणतीही उलथापालथ अंतिमतः हिताचीच, असा निष्कर्ष काढणारेही भेटतात. त्यांच्याशी मात्र सहमत होता येत नाही.

२०१९ सालच्या फेब्रुवारीत बंदीपूर येथे लागलेल्या वणव्यात चार हजार हेक्टरांहून अधिक वन जळाले. शेवटी वायुसेनेची हेलिकॉप्टरे पाण्याच्या बादल्या घेऊन आली. अशा वणव्याच्या कडेला एक विलक्षण देखावा दिसतो. धुराच्या पुढे पळणाऱ्या टोळांवर आणि भुंग्यांवर कोतवाल, नीळकंठ, वेडे राघू यांची झुंबड उडालेली असते आणि वर घारी घिरट्या घालीत असतात. त्या दिवसापुरती पक्ष्यांची मोजदाद केली, तर वणव्याने पक्षी वाढले असेच लिहावे लागेल. पुढे करपून मेलेल्या खोडांत सुतारपक्षी ढोल्या कोरतील, आणि त्यांनी सोडलेल्या ढोल्यांत इतर पक्षी संसार थाटतील.

जमिनीवरचा हिशेब मात्र वेगळा असतो. नवरंग हा पक्षी हिवाळा दक्षिणेत काढतो आणि पावसाच्या आगमनाबरोबर उत्तरेकडे विणीस जातो. त्याचे घरटे या वणव्यात जळत नाही, कारण ते अजून बांधलेलेच नसते. जळतो तो पालापाचोळा, ज्यात चोच खुपसून तो अळ्या आणि वाळवी टिपतो. प्रवासापूर्वी ज्या आठवड्यांत अंगावर चरबी चढवावयाची, नेमक्या त्याच आठवड्यांत पायाखाली राख असते. तो शेजारच्या न जळलेल्या वनात जाईल हे खरे. परंतु तेथे आधीच दुसरे नवरंग असतात, आणि हा पक्षी आपल्या चरण्याच्या जागेसाठी भांडणारा आहे. भांडणातही ऊर्जा लागते. यांपैकी कोणतीही गोष्ट मेलेल्या पक्ष्यांच्या यादीत येत नाही.

धनेशाची गोष्ट याहून निकराची आहे. महाधनेशाची मादी थोर वृक्षाच्या ढोलीत शिरून दार लिंपून घेते, चोच आत-बाहेर होईल एवढीच फट ठेवते आणि सुमारे तीन महिने तेथेच राहते. या कोंडवासात ती उडण्याची पिसे गाळते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने यात शहाणपण आहे: उडावयाचेच नाही, तर पिसे नव्याने करून घेण्यास याहून चांगला काळ कोणता? पण या शहाणपणात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. नराला वड, उंबर यांची फळे मिळत राहतील, आणि झाड उभे राहील. कोकणात ३ जून २०२० रोजी निसर्ग हे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि पुढील वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर निघून गेले. माड, पोफळी, आंबे यांच्या नुकसानीचे पंचनामे झाले, आणि ते व्हावयासच हवे होते. जुन्या राईतला पोकळ खोडाचा वृक्ष पंचनाम्यात बसत नाही, कारण त्याचे उत्पन्न नाही. मे महिन्यात असा वृक्ष पडला, तर आतील मादी किंवा तिची पिले उडून जाण्याचा प्रश्नच येत नाही. झाड वाचले पण भोवतालची फळझाडे पडली, तर नराला तोच घास अधिक दुरून आणावा लागतो, आणि पिसे घडविण्यासाठी मादीला जे पोषण हवे त्यात काटछाट होते.

वादळानंतरच्या उपासमारीचा सर्वांत चांगला अभ्यास कॅरिबियन बेटांवर झाला आहे. १८ सप्टेंबर १९८९ रोजी ह्यूगो हे वादळ प्वेर्तो रिकोवरून गेले. वाऱ्याने आणि पावसाने काही पक्षी मेलेच. पण संशोधकांच्या लक्षात आले ते पुढेच. फळे आणि मध यांवर जगणाऱ्या पक्ष्यांना वादळानंतरच्या काळात अधिक झळ पोचली, कारण झाडे उभी असूनही त्यांवर पान, फूल, फळ काहीच राहिले नव्हते. तेथील दुर्मिळ पोपट वादळापूर्वी रानात सुमारे ४७ होते. नंतर सुमारे २३ उरले. त्यांची संख्या हळूहळू सावरत होती. २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया हे वादळ आले आणि त्या जुन्या वनातील पोपट जवळजवळ नाहीसे झाले. पिंजऱ्यांत वाढविलेले पक्षी होते म्हणून जात टिकली. दोन वादळांमधील अंतर पुरेसे असेल तर मंद गतीने जगणारा पक्षी सावरतो, हे ह्यूगोने दाखविले होते. एवढे अंतर सर्वदा मिळेलच असे नाही, हे मारियाने दाखविले.

तेव्हा पक्षी मोजणे पुरेसे नाही, त्यांचे वजन करावयास हवे. आपल्या देशात या कामाची सुरुवात एका रोगाच्या निमित्ताने झाली, ही थोडीशी आडवाटेची हकीकत सांगण्याजोगी आहे. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या वनात माकडे आणि माणसे एका तापाने मरू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्याचा विषाणू शोधला. गोचिड्यांमार्फत पसरणारा हा रोग स्थलांतरी पक्ष्यांनी तर आणला नाही ना, अशी शंका निघाली, आणि १९५९ पासून सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्ष्यांना वाळे घालण्याची मोठी योजना हाती घेतली. बारीक धाग्याची, डोळ्यांस न दिसणारी जाळी या कामात वापरात आली. पक्षी पकडावा, वाळे घालावे, वजन करावे, सोडून द्यावा. पुढच्या वर्षी तोच सापडला तर पुन्हा वजन करावे. एवढीच ही रीत आहे.

हीच रीत घेऊन बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेतील उमेश श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी २०११ पासून अरुणाचल प्रदेशातील ईगलनेस्टच्या वनात काम करीत आले. तेथील उलथापालथ नैसर्गिक नव्हे. ती लाकूडतोडीची आहे. पण छत फाटणे, तळ तापणे आणि सुकणे हे परिणाम तेच. तेथे असे आढळले की, तोडलेल्या वनात ज्या जातींना मूळ वनासारखाच गारवा आणि ओलावा असलेल्या जागा सापडल्या, त्या अधिक चांगल्या टिकल्या. न तोडलेले वन तरी सुरक्षित आहे काय? ब्राझीलमध्ये मानाउसजवळच्या अस्पर्श वनात चार दशके वजने घेतली गेली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासलेल्या सर्वच्या सर्व ७७ जातींचे पक्षी १९८०च्या सुमारास होते त्यापेक्षा हलके झाले होते. काहींच्या बाबतीत दर दशकास जवळपास दोन टक्क्यांनी. जातींच्या एक-तृतीयांशात पंख लांबलेही होते. तेथे झाड तोडले नव्हते, वणवा नव्हता. कोरडे महिने अधिक उष्ण आणि कोरडे झाले होते, एवढेच. पक्ष्यांची यादी करणाऱ्याला तेथे काहीही उणे दिसले नसते.

वजनाखेरीज आणखी एक दप्तर पक्षी स्वतःच्या अंगावर बाळगतो. शेपटीचे पीस उजेडात तिरपे धरले की त्यावर फिक्या आणि गडद पट्ट्या एकाआड एक दिसतात. अशी एक जोडी म्हणजे पीस वाढत असतानाचा एक दिवस आणि एक रात्र. पोषण चांगले असेल तर पट्ट्या रुंद येतात, उपासमार असेल तर अरुंद. टॉमस ग्रब या अमेरिकन संशोधकाने १९८९ साली या वाचनाची पद्धत मांडली. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात पक्ष्यांची हजारो कातडी जपून ठेवलेली आहेत. हुमायून अब्दुलाली यांनी १९६८ पासून त्यांची सविस्तर सूची प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. चिठ्ठ्यांवर स्थळ आणि तारीख लिहिलेली असते. दक्षिणेकडील वनांतून दशकांपूर्वी आणलेल्या सातभाईच्या किंवा रानकोंबड्याच्या शेपटीतील पिसे ज्या काळी वाढली, त्या काळी वणवा कमी वेळा येत असे. आज मुदुमलाईत जाळ्यात आलेल्या त्याच जातीच्या पक्ष्याची पिसे तीन-चार वर्षांच्या वणव्यात वाढली आहेत. दोहोंच्या दहा-दहा पट्ट्यांची लांबी मिलिमीटरमध्ये लिहून काढावयाची आहे. त्यासाठी एक मोजपट्टी, एक टाचणी आणि खिडकीतून येणारा उजेड पुरतो.